गुरगुरणं थांबलं, तिथूनच बिघडलं

नाशिक,
17 ऑगस्ट

प्रिय अवी,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. तुझा कुत्रा ब्रुनो नातवावर गुरगुरला, तू त्याला चपलेचे दोन फटके दिलेस, आणि "तेव्हापासून एकदम सरळ झालाय, आवाजच काढत नाही" असं म्हणालास. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याला मिरजेच्या मळ्यावर पाठवायचं की नाही ते तू, वहिनी आणि सूनबाई मिळून ठरवा, तुमच्या घरात मी काय बोलणार. पण ठरवण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला हे सगळं नीट सांगता आलं नसतं.

आधी आजचं काम सांगतो. नातू आणि ब्रुनो एका खोलीत एकटे नकोत. दूध उतू जातंय म्हणून कुणी दोन मिनिटं आत गेलं, तेवढ्यापुरतेही नकोत. मध्ये दार असू दे, नाहीतर लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं फाटक लाव. त्याचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. मारणं आजपासून बंद. आणि उद्या-परवा डॉक्टरांना दाखवून आण. एवढं केलंस की पुढचं निवांत वाच.

आईच्या हाताला आमचा कुत्रा बंड्या चावला हे तुला माहीत आहे. पण ते कसं झालं, हे मी तुला कधी पुरतं सांगितलं नाही. लाज वाटत होती.

बंड्या आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचा होता. गंगापूर रोडला एका बांधकामावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कुणीतरी ठेवून गेलं होतं. पिल्लाला निदान आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्यावं लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भावंडांशी मस्ती करताना दात किती जोराने लावायचे हे पिल्लं एकमेकांकडून शिकतात. जोरात चावलं की समोरचं कुंई करतं आणि खेळ मोडतो. बंड्याची ती शाळा बुडाली. वर्षाचा झाल्यावर तो जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. सगळे म्हणाले, आत्ताच मोड, नाहीतर डोक्यावर बसेल. मी मोडायला लागलो. वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर मारायची, जेवतानाच ताटली ओढून घ्यायची, मालक कोण ते कळू दे म्हणून. मग एक शिकवणारा लावला. त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि चार शिकवण्यांत गुरगुर बंद करून दाखवली. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होतो.

पुढच्या सहा-सात महिन्यांत बंड्याने घरात तोंडातून आवाज काढला नाही. तो गप्प होता, आणि आम्ही त्याला शांत समजत होतो.

चंपाषष्ठीचा दिवस होता. तुला आईचं माहीत आहे, तळी भरणं, वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, सगळं साग्रसंगीत. खंडोबाचं कुत्रं म्हणून बंड्यालाही नैवेद्य. तिने ताटली स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. रोडग्याचा एक तुकडा ताटलीबाहेर पडला. तो आत सारायला ती वाकली. मी तीन हातांवर उभा होतो आणि जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्याचं खाणं थांबलं. मान ताटलीवर तशीच, पण अंग लाकडासारखं ताठ झालं. डोळे कडेला फिरले आणि पांढरी कडा दिसली. एवढंच. मग आईचं मनगट त्याच्या तोंडात होतं. आवाज आलाच नाही, अवी. आधीही नाही, नंतरही नाही. एक सेकंद धरलं, सोडलं, आणि तो स्वतःच थरथरत पलंगाखाली गेला. आई मला "त्याला मारू नको रे" म्हणाली, हातातून रक्त गळत असताना.

हात पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुतला, मग दवाखाना, मग रेबीजच्या सुया. हे तूही लक्षात ठेव. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून धुणं आणि डॉक्टर टाळायचे नाहीत. हळद, चुना, तिखट जखमेवर लावायचं नाही. सुयांची एकही तारीख चुकवायची नाही.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता. भाऊ म्हणाला, त्र्यंबक रोडला लांब सोडून ये. मी गाडीची किल्ली घेऊन उठलोही होतो. आईने अडवलं. म्हणाली, आधी त्याच्या डॉक्टरला दाखव, तो असा नव्हता.

डॉक्टरांनी त्याला तपासायच्या आधी मलाच तासभर प्रश्न विचारले. पूर्वी गुरगुरायचा का? कधी थांबला? कशाने थांबला? मी मोठ्या अभिमानाने साखळीचं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलंय ते पाहून तुम्ही सराफ बाजारातला माल हलवता ना? उद्या कुणी तो मारुतीच उचलून नेला, तर पूर यायचा थांबेल का?"

तू सांगलीचा, कृष्णेच्या पुराचं पाणी घरात घेतलेला माणूस. तुला हे मी काय समजावणार! गोदावरीत रामकुंडाजवळच्या त्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं जुनं नाशिक हालचाल करतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पुरता बुडालेला मी पुलावरून पाहिलाय. बंड्याचं गुरगुरणं म्हणजे तो मारुती होता. "पाणी इथवर आलंय, मागे सरा," एवढंच तो सांगत होता. मी पाणी कमी केलं नाही, खूण पुसली. आता तुझा ब्रुनो आवाज काढत नाही म्हणतोस, म्हणून मला झोप लागली नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी त्या पुरावरूनच समजावली. पूर एका ठिकाणच्या पाण्याने येत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग, त्यात शहरात पाऊस, त्यात नासर्डी नदी भरलेली, असं साठत जातं. कुत्र्याचंही तसंच. चंपाषष्ठीच्या दिवशी घरात पाहुणे होते, सकाळपासून आरत्यांचा गलका, त्याची फेरी चुकलेली. आणि डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं तर उजवा कान आतून लाल, पिकलेला. किती दिवस ठणकत असेल कोण जाणे. तो मान झटकायचा, आम्हाला वाटायचं माशी बसली. त्यावर आम्ही गळ्यातली साखळी ओढत होतो. कानाचं औषध दोन आठवडे घातलं, तर गळपट्ट्याला हात लावल्यावर अंग चोरणं अर्धं आपोआप कमी झालं. म्हणून तुला म्हणतोय, आधी डॉक्टर. कान, दात, सांधे, पोट, सगळं बघून घे. ब्रुनो लॅब्रेडॉर आहे, नऊ वर्षांचा आहे, त्याची कंबर नक्की दाखव. दुखऱ्या कमरेवर अडीच वर्षांचं पोर धपकन बसलं तर आपणही ओरडू.

"मालक कोण ते दाखवा" हे खूळ आलं कुठून, याचा मी नंतर शोध घेतला. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे होते, सारखे एकमेकांच्या अंगावर जायचे. त्यावरून टोळीचा म्होरक्या दात दाखवून राज्य करतो ही समजूत रूढ झाली. 1970 मध्ये डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीच कल्पना आपल्या पुस्तकात घेतली आणि ती जगभर गेली. पण पुढे त्याच शास्त्रज्ञाने कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले, आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. कुटुंब. आपली चूक अशी जाहीर दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे मात्र अजून साखळीच चालू आहे.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. तुला यातलंच उपयोगी पडेल.

मी अंबडला तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. मशीन बंद पडलं की आम्ही आधी लॉगबुक बघतो, हातोडा नंतर. तशीच एक दोनशे पानी वही केली. तारीख, वेळ, बंड्या कुठे होता, समोर कोण, त्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. जांभईसुद्धा लिहायची. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना नाकावरून फिरवलेली जीभ, मान वळवून दुसरीकडे बघणं, हे सगळं तो गुरगुरायच्या कितीतरी आधी बोलत असतो. तीन आठवड्यांनी वही चाळली तर चक्क दिसलं की नव्वद टक्के भानगडी दोन जागी होत्या, ताटली आणि पलंगाखालची त्याची जागा. आणि बहुतेक सगळ्या संध्याकाळी सातनंतर. आम्ही तोवर म्हणत होतो, "कधीही, कशावरही अंगावर येतो."

मग ताटलीचं काम सुरू केलं. आमच्या स्वयंपाकघराच्या फरश्या दोन फुटी आहेत, त्याच मोजमाप झाल्या. तो जेवत असताना मी पाचव्या फरशीवर आलो की त्याचं चावणं मंदावायचं. सहाव्यावर काही नाही. म्हणजे सुरुवात सहावर. रोज जेवताना मी सहाव्या फरशीपर्यंत जायचो, उकडलेल्या कोंबडीचा बोराएवढा तुकडा ताटलीकडे टाकायचो आणि पाठ फिरवून निघून यायचो. थांबायचं नाही, बोलायचं नाही, कुरवाळायचं तर मुळीच नाही. एका जेवणात तीन-चार वेळा, बस्स. मी जवळ आलो की काही जात नाही, उलट येतं, एवढंच त्याला समजायला हवं होतं. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांचं आपण शाळेत घंटा-घंटा म्हणून पाठ केलं ना? त्या कुत्र्यांना तर जेवण आणणाऱ्या माणसाच्या पावलांच्या आवाजानेच लाळ सुटायची. मला माझी पावलं तशी करायची होती.

नवव्या की दहाव्या दिवशी मी सहावर पोचलो, तर त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे मऊ, कान सैल, शेपूट कमरेपासून हलत होतं. वाट बघत होता. त्या दिवशी मी पाचवर गेलो. पुढे कधी चार दिवसांत एक फरशी, कधी पंधरवड्यात एक. एकदा घाई करून दोन फरश्या एकदम पुढे गेलो आणि तो ताठ झाला, तर परत सहापासून आलो. दोन महिन्यांनी आईने सुरुवात केली, नवव्या फरशीवरून, खुर्चीवर बसून. तिचा हात थरथरायचा. तुकडा निम्म्यात पडायचा. पण रोज करायची. आता ती दुसऱ्या फरशीवर येते, आणि आम्ही तिथेच थांबलोय. ताटलीला हात लावता आलाच पाहिजे हा हट्ट आम्ही सोडला. जेवणाऱ्याच्या ताटात हात घालायची गरजच काय?

मोजे, रुमाल पळवायचा, त्यावरही झटापट व्हायची. आता मागे धावत नाही. जवळ जाऊन चांगलंसं काहीतरी दाखवतो, "सोड" म्हणतो, तो सोडतो, खाऊ घेतो. खाऊवरून आठवलं, सूनबाईंना सांगून ठेव, द्राक्षं आणि मनुके-बेदाणे कुत्र्याला कधीही नाही. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती दाण्यांनी होतील याचा नेम नाही. तुमच्याकडे तासगावचा बेदाणा डब्यात भरलेला, आमच्याकडे दिंडोरीची पेटी उघडी पडलेली! कांदा-लसूणही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही वर्षानुवर्षं नैवेद्यात कांद्याचं भरीत घालत होतो. आता त्याला नुसता रोडगा.

रस्त्यावरचा प्रश्न वेगळा होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एक तांबडा कुत्रा असतो, त्याला बघून बंड्या दोन पायांवर उभा राहून भुंकायचा. मी पट्टा आवळायचो, ओरडायचो, म्हणजे त्याला वाटायचं मीही त्या तांबड्यावर भुंकतोय. इथेही अंतरच. टपरीपासून तिसऱ्या बंगल्याच्या फाटकाशी उभं राहिलं की तो तांबड्याला बघू शकायचा आणि तरी भानावर असायचा. तिथे उभं राहून, तांबडा दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. चार महिने लागले. आता समोरच्या फुटपाथवरून जातो. नाकासमोरून अजून जमत नाही, आणि जमलं नाही तरी चालेल. गळपट्ट्याऐवजी छातीला हार्नेस बांधतो. आणि रोज अर्धा तास त्याला हवं तिथे हुंगू देतो, ओढत नाही. तेवढ्याने संध्याकाळची कुरकुर खूप उतरली.

सध्या गोदाकाठी ढोलपथकांचा सराव चालू आहे. नाशिक ढोल लांबून ऐकतानाही आपल्या छातीत वाजतो, त्याला काय होत असेल! जूनपासूनच मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून त्याला खाऊ घालतो, हळूहळू वाढवतो. मिरवणुकीच्या दिवशी मात्र खिडक्या बंद, आतली खोली, पलंगाखाली गोधडी. त्या दिवशीसाठी डॉक्टर गोळी देतात, ती त्यांनाच विचारून. आपल्या मनाने माणसांची झोपेची गोळी कधी देऊ नकोस.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून ही म्हणते माझं डोकं फिरलंय. आईला चावल्यानंतर जवळजवळ वर्षाने, दिवाळीत, माझा पुतण्या बंड्याच्या पलंगाखाली डोकावला. आणि आतून आवाज आला. गुर्रर्र. लांब, खालच्या पट्टीतला, स्पष्ट. मला भरून आलं, अवी. तो परत बोलायला लागला होता. आपण बोललो तर मार बसणार नाही, एवढा विश्वास त्याला वाटायला लागला होता. मी पुतण्याला हलकेच मागे घेतलं, बंड्याला म्हटलं, "बरं बाबा, कळलं," आणि खोलीचं दार ओढून घेतलं. वहीत लिहिलं. तेव्हापासून पाहुण्यांची लहान मुलं आली की तो आधीच आतल्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन.

तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. तुझा ब्रुनो होईल असंही वचन देत नाही. कदाचित तुझ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहान मूल आणि हा कुत्रा एका घरात नको, तर तेही ऐकावं लागेल, आणि मग त्याला जाणत्या माणसाच्या घरी द्यावं लागेल. पण मळ्यावर साखळीला बांधून टाकू नकोस. बांधलेला, घाबरलेला, आवाज न काढणारा कुत्रा, आणि मळ्यावरही गड्यांची पोरं असतातच. डॉक्टरांकडे नेताना जाळीचं मुसकं घाल, पण आधी चार दिवस त्यात खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू दे. एकदम चढवू नकोस.

गणपती झाले की मी दोन दिवस सांगलीला येतो. वही घेऊन येतो, म्हणजे कशी लिहायची ते दाखवता येईल. तोवर एक काम कर. ब्रुनो जेवत असताना तू किती फरश्यांवर आलास की त्याचं चावणं मंदावतं, तेवढा आकडा मोजून मला कळव. नातवाला घेऊन नाही, तू एकटा.

आईचा हात आता चांगला आहे, नुसता वण राहिलाय. तुला आणि वहिनींना आशीर्वाद सांगितलेत. ब्रुनोला मारू नको, हा निरोप तिने मला दोनदा लिहायला सांगितलाय.

तुझा,
बाळ्या